तुमच्या छतावरची छत्री खरंच ‘फ्री’ आहे का?

नमस्कार मंडळी. आज कॅमेरा घरात नाही, छतावर आहे. नंदनवन, नागपूर. सकाळचे साडेसातच वाजलेत, पण ऊन आत्ताच चटके देऊन राहिलंय, म्हणून पटापट बोलतो.

माझ्या मागे टीव्हीच्या चार छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, दिसतात? इमारत एक, बिऱ्हाडं चार आणि चौघांची तोंडं वेगवेगळीकडे. ही पहिली जवळजवळ सरळ दक्षिणेला. टाटा प्लेची. त्यांचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आणि आपलं नागपूर 79 अंशांवर, म्हणजे जवळपास समोरच. ही कोपऱ्यातली पूर्वेकडे चांगलीच वळलेली, ती एअरटेलची, 108.2 अंश. आणि मधल्या दोन पाहा. एक डिश टीव्हीची, 95 अंश. दुसरी सरकारी डीडी फ्री डिशची, 93.5 अंश, जीसॅट-15 उपग्रह. हात लांब करून एक बोट उभं धरा. त्या बोटाच्या रुंदीएवढाच फरक आहे दोघींत. पण एकीला दर महिन्याला रिचार्ज लागतो, दुसरीला कधीच नाही. खाली उभं राहून पाहिलं तर कोणती कोणाची, देवालाही सांगता येणार नाही.

हे सगळं सुचलं आमच्या मावशीमुळे. ती सक्करदऱ्याला राहते. मागच्या वर्षी तिनं दुकानात जाऊन ‘फ्रीवाली छत्री’ मागितली. दुकानदारानं छत्री दिली, डबा (सेट-टॉप बॉक्स) दिला, माणूस पाठवून लावूनही दिली. तीन महिन्यांनी मला फोन. “काय रे बाबू, दुकानदार तं म्हणते सगळे चॅनल फ्री आहेत. मंग हा रिचार्ज संपला म्हणून मेसेज काहून येऊन राहिला?”

मी जाऊन डबा पाहिला. खाजगी कंपनीचा होता, आणि त्यात ‘फ्री-टू-एअर पॅक’ टाकलेला. गंमत अशी की दुकानदार तसा खोटं बोलला नव्हता. चॅनल फ्रीच होते.

इथंच सगळी मेख आहे. फ्री-टू-एअर म्हणजे चॅनलवाला स्वतः पैसे घेत नाही, एवढंच. ते चॅनल तुमच्या घरी आणून देणारा घेतो की नाही, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. टेकडीच्या गणपतीचं दर्शन फुकट आहे, पण बर्डीपर्यंत नेणारा ऑटोवाला भाडं सोडतो का?

या भाड्याचं नाव एनसीएफ, नेटवर्क कपॅसिटी फी. 2019 मध्ये ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचे, नवे नियम आले तेव्हा पहिल्या 100 चॅनलसाठी याची कमाल मर्यादा 130 रुपये होती. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. तुम्ही एकही पैशाचं चॅनल घेतलं नाही तरी एवढं बिल येऊ शकत होतं. 2020 मध्ये त्याच 130 रुपयांत 200 चॅनल झाले. 2024 मध्ये ट्रायनं ही मर्यादाच काढून टाकली, आता ज्यानं त्यानं आपलं भाडं ठरवायचं. केबलचंही हेच. 2013 मध्ये नागपुरात केबलला डबा सक्तीचा झाला, आठवते ना ती धावपळ? तिथंही फ्री चॅनल दाखवायचं भाडं केबलवाला घेतोच.

मग फ्री डिशला का लागत नाही? कारण तिथं भाडं उलट्या बाजूनं येतं. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं 33 चॅनल घेऊन ही सेवा सुरू झाली. चालवते प्रसार भारती, दूरदर्शनवाली सरकारी संस्था. खाजगी चॅनलना त्यावर जागा हवी असेल तर ई-लिलावात बोली लावून पैसे मोजावे लागतात. तुम्ही फक्त छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा.

पण लिलाव म्हटला की चॅनल येणार आणि जाणार. स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल हे चार आठवा. 2019 मध्ये गेले, 2020 मध्ये परत आले, 1 एप्रिल 2022 ला पुन्हा गेले. तेव्हा कित्येक जणांनी छत्री हलली समजून मेकॅनिकला बोलावलं. छत्री जागेवरच होती. कधी उलटंही होतं. नवं चॅनल आलेलं असतं, पण डब्याला माहीतच नसतं. मेन्यूत जाऊन पुन्हा ऑटो-स्कॅन करा, मेकॅनिकचे पैसे वाचतील.

बरं, तुमच्याकडे फ्री डिश, शेजाऱ्याकडेही फ्री डिश, तरी त्याच्याकडे चॅनल जास्त कसे? डब्यामुळे. जुने डबे एमपेग-2 चे. एमपेग म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत. काही चॅनल एमपेग-4 मध्ये येतात, ते जुन्या डब्याला वाचताच येत नाहीत. एमपेग-4 चा डबा दोन्ही वाचतो. विकत घेताना खोक्यावर हे वाचून घ्या. ‘एचडी’ एवढ्या शब्दावर भाळू नका.

एक काका नेहमी विचारतात, अँटेनावर नाही का येत? लहानपणी सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे अँटेना फिरवत छतावरून ओरडायचो, “आलं का? आलं का?” काका, ते दिवस गेले. दूरदर्शननं जुने अॅनालॉग ट्रान्समीटर बहुतेक सगळीकडे बंद केले. 2016 मध्ये अँटेनावरचं डिजिटल प्रसारण 16 शहरांत सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं. नागपूर नव्हतं. तेव्हा ‘डिजिटल अँटेना’ म्हणून कोणी चकचकीत काडी विकत असेल तर खिशातला हात खिशातच ठेवा.

मोबाइलवर प्रसार भारतीचं वेव्हज अॅप आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये आलं. त्यात लाइव्ह चॅनलही आहेत, पण भाडं तुमच्या डेटातून जातं. आणि नवा टीव्ही घेणार असाल तर सॅटेलाइट ट्यूनर आतच आहे का, विचारा. बीआयएसनं, म्हणजे वस्तूंची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्यासाठी आयएस 18112 हे मानक 2022 मध्येच काढलंय. असा टीव्ही असला की फ्री-टू-एअर चॅनलसाठी छत्रीची तार थेट टीव्हीला लावता येते, वेगळा डबा नको.

दुकानात मात्र “फ्री आहे का?” असं विचारू नका, ‘हो’च म्हणणार. “रिचार्ज न करता एक वर्षानं काय दिसेल?” असं विचारा आणि त्याच्या तोंडाकडे पाहा.

मावशीचं काय झालं म्हणता? फ्री डिशचा डबा आणला. छत्री तीच ठेवली, ती शेवटी पत्र्याची ताटली, कोणत्याही उपग्रहाकडे वळते. मिस्त्रीनं पान्यानं बोल्ट सैल केला, छत्री केसभर सरकवली, त्याच्या हातातलं मीटर कुंई करून ओरडलं आणि खाली सह्याद्री लागलं. मावशी खूश. पाच मिनिटांनी तिची आरोळी: “हे सगळं ठीक आहे बाप्पा, पण माझी स्टार प्रवाहवरची सिरीयल कुठं आहे याच्यात?”

मावशी, ते पैशाचं चॅनल आहे.

“म्हणजे फ्री नाहीच ना मंग!”

आता यावर काय बोलणार? ऊन चढलं, मी खाली जातो.