पदरावर हेडफोन

(दृश्य : सकाळ, माळरान, मेंढ्यांचा कळप)

सातारा जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक, माण तालुका. पाऊस कमी, माळ जास्त. म्हसवड आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर रेडिओचं बटण फिरवलं की ९०.४ वर माणदेशी तरंग वाहिनी लागते, म्हणजे इथल्याच लोकांनी इथल्यांसाठी चालवलेला सामुदायिक रेडिओ.

(दृश्य : स्टुडिओ)

आजी डोक्यावरचा पदर सरळ करतात आणि त्यावरच हेडफोन चढवतात. घसा खाकरतात. समोर कागद नाही, कारण शाळेची पायरी त्यांनी कधी चढलीच नाही. जात्यावरच्या ओव्या, शेळीच्या आजारावरचा उपाय, सगळं तोंडपाठ. "राम राम मंडळी, जेवलासा का?"

(दृश्य : वस्तीवरचं रेकॉर्डिंग, मग संपादन)

वारा लागू नये म्हणून रेकॉर्डरला ओढणी गुंडाळलेली. कडुलिंबाखाली एक बाई बोलतेय, मागं शेरडं ओरडतायत. संपादनाला बसलेली पोरगी ते ओरडणं कापायला जाते, तर आजी तिला थांबवतात. "ऱ्हाऊ दे गं. शेरडाबिगर ती आपली वाटायची न्हाई." तासाभराचं बोलणं पंधरा मिनिटांवर येतं, पण 'न्हाई'चं 'नाही' इथं कुणी करत नाही. आम्हाला या केंद्रात सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच.

(दृश्य : टॉवर)

रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. सामुदायिक रेडिओच्या २००२ च्या धोरणात मात्र परवाना फक्त शिक्षणसंस्थांना. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं २००६ मध्ये. २००८ साली आजच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांनी स्वतःचं केंद्र चालू केलं. आपल्याकडे सांगली आकाशवाणी १९६३ पासूनची. पण माणच्या बाईला रेडिओवर बोलायचं तर सांगलीसारखं शहर गाठायला हवं होतं. आता टॉवरच गावात आलाय. त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, आणि तेवढ्यात पुष्कळ वस्त्या येतात.

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, लावता येतात त्या फक्त आकाशवाणीच्या. टँकर कधी येणार हे सांगता येतं. का आला नाही हे विचारलं, तर ती बातमी धरली जाण्याची धास्ती. ही बंदी उठायलाच हवी.

(दृश्य : फोन वाजतो)

"आजी, मी बोललेलं समद्यांला ऐकू जातंय का?"

आजी हेडफोन कानावर दाबतात.

"जातंय. बोल तू."