कबुतरांची जोडी आणि चमचाभर मध

मित्रहो, गोष्ट गोव्यातून निघालेल्या एका जहाजापासून सुरू करतो. 1720 मध्ये व्हाइसरॉय, म्हणजे एरिसेराचे काउंट, यांची मुदत संपली आणि ते 'नोसा सेन्योरा दो काबो' या जहाजाने लिस्बनला निघाले. सोबत गोव्याचे मावळते आर्चबिशप होते, आणि जहाजाच्या पोटात हिरे. वाटेत वादळाने डोलकाठ्या मोडल्या. भार कमी करायला बहुतेक तोफा समुद्रात ढकलाव्या लागल्या. आज ज्याला रेयुनियन म्हणतात त्या बेटावर, सँ-दनीच्या बंदरात जहाजाची दुरुस्ती चालली होती. तिथे एप्रिल 1721 मध्ये ऑलिव्हिए लव्हास्यूर आणि जॉन टेलर हे दोन चाचे त्याच्यावर तुटून पडले. व्हाइसरॉय जिवानिशी सुटले. 1741 मध्ये ते पुन्हा गोव्याचे व्हाइसरॉय होऊन आले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातच वारले. लव्हास्यूरला 7 जुलै 1730 रोजी त्याच बेटावर फाशी दिली.

दंतकथा अशी, की फासाखाली उभं असताना त्याने एक कागद गर्दीत भिरकावला आणि ज्याला उलगडेल त्याने माझा खजिना घ्यावा, असं ओरडून सांगितलं. 17 ओळींचा तो कूटलेख 1934 मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले शार्ल द ला राँसिएर यांनी छापला.

चिन्हं नीट बघा. फुलीगोळ्याची चौकट काढा, तिच्या प्रत्येक घरात एकेक अक्षर बसवा आणि अक्षराऐवजी नुसत्या घराच्या रेघा लिहा. काही घरांत ठिपका असतो, काहींत नसतो. चिन्ह बदललं की अक्षर बदललं, एवढाच खेळ.

पण हे मी गृहीत धरलं नाही. आधी मी लिहिलेल्या संगणकाच्या प्रोग्रॅमला एक साधा प्रश्न विचारला: या मजकुरातली कुठलीही दोन चिन्हं उचलली, तर ती सारखी निघण्याची शक्यता किती? 26 अक्षरं नुसतीच विखुरलेली असतील तर ती सुमारे 3.8 टक्के येते, फ्रेंच भाषेत 7.8 च्या आसपास. अक्षरांचे वेश बदलले तरी हा आकडा बदलत नाही, म्हणून तो फ्रेंचच्या जवळ आला तर आत फ्रेंचच असावी, फक्त वेश बदललेली. मला ही तपासणी फार आवडते. कुलूप कुठल्या जातीचं आहे, हे किल्ली लावायच्या आधीच कळतं.

मग किल्ली, म्हणजे कुठलं चिन्ह कुठल्या अक्षरासाठी याची यादी. शक्य किल्ल्या चारावर सव्वीस शून्यं इतक्या. एकेक लावून बघणं अशक्यच. म्हणून प्रोग्रॅम कुठलीही एक किल्ली घेतो, तिच्यातली दोन अक्षरं आपसात बदलतो, आणि निघालेला मजकूर फ्रेंचच्या जवळ गेला का ते शेजारशेजारच्या अक्षरांवरून जोखतो. गेला तर बदल ठेवायचा, नाही तर परत फिरायचं. हजारो वेळा.

निघतं काय? 'कबुतरांची एक जोडी.' 'दोन काळजं काढा.' 'चमचाभर मध घ्या.' कुत्रा, बाई, झोपलेला माणूस. मधेमधे निव्वळ कचरा. एके ठिकाणी 'डोकं' या शब्दापुढे 'शेराल' आहे. असा शब्द फ्रेंचमध्ये नाही, पण एक अक्षर बदललं की 'शव्हाल' होतं, म्हणजे घोडा. इथून पुढे काम गुप्तहेराचं: ही चूक झाली कशी? ठिपका पुसला गेला, की नक्कल करणाऱ्याची रेघ चुकली? मी प्रोग्रॅमला तसंच शिकवलं: ठिपक्याची चूक स्वस्त धर, आकाराची चूक महाग. मजकुराच्या काही जागा तरीही वाचता येत नाहीत.

जे वाचता येतं त्यात पावलांचा हिशेब नाही, दिशा नाही, बेटाचं नाव नाही. 'समुद्र' एकदा दिसतो, पण त्याच्या आजूबाजूची अक्षरं लागत नाहीत. 'घ्या' मात्र पुन्हा पुन्हा येतं. माझं मत स्पष्ट आहे: हा आजीबाईच्या बटव्यातल्या तोडग्यासारखा कागद आहे. तो लव्हास्यूरच्या हातचा असल्याचा पुरावा नाही. फाशी आणि छपाई यांच्यात 204 वर्षांचं अंतर आहे.

सेशेल्समधल्या माहे बेटावर, बेल ओम्ब्रच्या किनाऱ्यावर, रेजिनाल्ड क्रूझ-विल्किन्स यांनी या खजिन्यासाठी 1977 मध्ये मरेपर्यंत खोदकाम केलं. हर्क्युलिसच्या पराक्रमांत खुणा दडल्या आहेत, असं ते मानत. त्यांच्यामागे मुलाने शोध चालू ठेवला. त्या चिकाटीपुढे मी मान झुकवतो. पण त्यांनी मजकुरातून अर्थ काढण्याऐवजी मजकुरावर अर्थ चढवला, असं मला वाटतं, आणि त्यात एका माणसाचं अर्धं आयुष्य गेलं याचं वाईट वाटतं.

लूट मात्र खरी होती. जहाज खरं, हिरे खरे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीचा पत्रव्यवहार जपलेला आहे. गोव्याच्या बंदरातून त्या जहाजावर काय चढलं, हा प्रश्न मला कूटलेखापेक्षा मोठा वाटतो. पोर्तुगीज वाचणारं कुणी इथे असेल तर नंतर मला जरूर भेटा.

आता प्रोग्रॅम सुरू करतो. पडद्यावर पहिल्या ओळीकडे लक्ष ठेवा, कबुतरं तिथेच उतरतात.