वाचलेला पगार कुणाच्या खिशात?

नमस्कार श्रोतेहो. आज मी बोलणार आहे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलबद्दल, आणि तिथल्या उत्तेजक द्रव्यांच्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडे हा खेळ फारसा खेळला जात नाही. पण ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे स्थायिक आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात तो पोचलाय. आणि पैसा शिरला की खेळाचं काय होतं, हे बघायला बेसबॉलइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ऑगस्ट १९९८. सेंट लुइस कार्डिनल्सचा मार्क मॅकग्वायर आणि शिकागो कब्जचा सॅमी सोसा, दोघंही एका मोसमातल्या सर्वाधिक होम रनच्या, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणाऱ्या फटक्यांच्या, विक्रमाचा पाठलाग करत होते. रॉजर मॅरिसचा ६१ होम रनचा विक्रम १९६१ पासून कायम होता. त्याआधी १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाच रद्द झाली होती. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाकडे पाठ फिरवली होती, आणि या दोघांच्या चुरशीमुळे ते पुन्हा येऊ लागले होते. नेमक्या त्याच दिवसांत स्टीव्ह विल्स्टीन हा असोसिएटेड प्रेसचा बातमीदार कार्डिनल्सच्या ड्रेसिंग रूममध्ये, मॅकग्वायरभोवती जमलेल्या पत्रकारांच्या घोळक्यात उभा होता. समोरच्या उघड्या कपाटाच्या वरच्या फळीवर त्याला एक तपकिरी बाटली दिसली. त्याने लेबलावरचं नाव टिपून घेतलं : अँड्रोस्टिनडायोन. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढवणारं द्रव्य. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, अमेरिकन फुटबॉलमध्ये बंदी होती. बेसबॉलमध्ये नव्हती, आणि ते दुकानात सरळ विकत मिळत होतं.

बातमी छापून आली तेव्हा राग कुणावर निघाला? त्या बातमीदारावर. कार्डिनल्सचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी तर या वृत्तसंस्थेला ड्रेसिंग रूमची दारंच बंद करावीत, अशी भाषा केली. मॅकग्वायर ७० होम रनवर थांबला, सोसा ६६ वर. तीनच वर्षांनी बॅरी बाँड्सने ७३ मारले. आपण १९९८ च्या मोसमातही स्टिरॉइड घेतली होती, हे मॅकग्वायरने उघडपणे मान्य केलं ते जानेवारी २०१० मध्ये.

काही जण म्हणतात, इंजेक्शन घेऊन चेंडू ओळखता येतो का? नाही येत. ताशी दीडशे किलोमीटरने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला सेकंदाच्या दोन पंचमांश इतकाच वेळ लागतो. तेवढ्यात तो ओळखायची नजर वर्षानुवर्षांच्या सरावातूनच येते. पण दंडात आणि पाठीत ताकद वाढली, बॅट जरा जास्त जोरात फिरू लागली, की चेंडू पारखायला एक क्षण जास्त मिळतो आणि कुंपणाच्या आत पडणारा फटका कुंपणापार जातो. शिवाय बेसबॉलचा मोसम १६२ सामन्यांचा, साधारण सहा महिन्यांत संपणारा. जवळजवळ रोजच खेळायचं. थकलेले स्नायू लवकर भरून येणं, हाच तिथे फार मोठा फायदा असतो. म्हणूनच हे फक्त धिप्पाड फलंदाजांचं प्रकरण कधीच नव्हतं. पकडले गेलेल्यांत पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, खूप आहेत, आणि ज्यांची जागा संघात टिकेल की नाही याचीच भ्रांत होती असे सामान्य खेळाडूही खूप आहेत.

नियम नव्हते असंही नाही. १९९१ मध्येच तेव्हाचे आयुक्त, म्हणजे बेसबॉलच्या कारभाराचे प्रमुख, फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या क्लबांना लेखी कळवलं होतं की स्टिरॉइडना मनाई आहे. पण चाचणीच नाही, तर त्या कागदाला विचारतो कोण? खेळाडूंची संघटना चाचणीला तयार नव्हती आणि मालकांनाही घाई नव्हती. याच काळातली एक गोष्ट मला फार लागते. ज्यांना युनियन नव्हती अशा मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, पोरांवर, तुटपुंज्या पगारात बसने गावोगाव फिरणाऱ्या पोरांवर, चाचणीची सक्ती २००१ मध्येच झाली. कोट्यधीश खेळाडूंची पाहणीवजा चाचणी झाली २००३ मध्ये, तीही नावं गुप्त ठेवून. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी आले तरच पुढे शिक्षेचे नियम लागू होणार, अशी अट होती. तेवढे आलेच.

मग २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली, आणि डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल आला. त्यात ८९ खेळाडूंची नावं होती, आणि वर्तमानपत्रांनी त्या नावांचीच यादी केली. पण त्याच अहवालात मिचेल यांनी असंही स्वच्छ लिहिलं होतं की आयुक्त, क्लबचे अधिकारी, युनियन आणि खेळाडू, सगळेच थोडेफार जबाबदार आहेत.

चौघांपैकी शिक्षा कुणाला झाली? एकट्या खेळाडूला. ती कडक होत गेली, हे मान्य. आता पहिल्यांदा सापडला तर ८० सामने बंदी, दुसऱ्यांदा पूर्ण मोसम, तिसऱ्यांदा कायमची. बंदीच्या काळात पगार नाही. बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांना पत्रकारांच्या मतदानात दहाही वर्षं हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनाची, दारं बंद राहिली. हे सगळं ज्यांच्या कारकिर्दीत घडलं ते आयुक्त बड सेलिग मात्र २०१७ मध्ये सन्मानाने आत गेले.

आता पैशाकडे या. न्यूयॉर्क यांकीजचा ॲलेक्स रॉड्रिगेझ खेळाडूंना उत्तेजक द्रव्यं पुरवणाऱ्या फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस दवाखान्याच्या प्रकरणात अडकला आणि २०१४ चा अख्खा मोसम बाहेर बसला. त्याचा त्या वर्षाचा पगार होता अडीच कोटी डॉलर. त्यातले दोन कोटींहून जास्त बुडाले. म्हणजे कुणाचे वाचले? क्लबचे! तो होम रन मारत होता तेव्हा तिकिटं खपली, टीव्हीचा पैसा आला, तो क्लबने ठेवला. तो पकडला गेला तेव्हा पगार वाचला, तोही क्लबनेच ठेवला. दोन्हीकडून नफाच. असा नियम असताना आपल्या खेळाडूच्या दंडाचे स्नायू एका हिवाळ्यात एवढे कसे फुगले, हे कुठला क्लब विचारायला जाईल?

याच प्रकरणात ५० सामन्यांची बंदी भोगलेल्या जॉनी पेराल्टाला, मोसम संपल्यासंपल्या, सेंट लुइसने चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलरचा करार दिला. ॲरिझोनाचा पिचर ब्रॅड झिगलर तेव्हा जाहीरपणे चिडला होता, आणि त्याचा राग खेळाडूइतकाच मालकांवर होता. जो माणूस काहीही न घेता खेळला आणि ज्याची जागा दुसऱ्याने टोचून घेऊन पटकावली, त्याच्या वतीने कुणीतरी बोललं, याचं मला बरं वाटलं होतं.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. बंदी घातलेल्या खेळाडूचा वाचलेला पगार क्लबच्या तिजोरीत एक सेंटही राहू नये. तो वेगळ्या निधीत जावा, आणि त्यातून चाचण्या, संशोधन आणि कोवळ्या मुलांची तपासणी व्हावी. एकाच क्लबचे खेळाडू लागोपाठ सापडले तर नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधली त्या क्लबची पाळी काढून घ्यावी. मालकाच्या खिशाला चाट बसली, की ट्रेनरपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचे डोळे आपोआप उघडतील.

पहिल्याच चुकीला आजन्म बंदी घाला, असं पुष्कळ चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याच मुंबईच्या पृथ्वी शॉचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं, खोकल्याच्या औषधात असतं ते. आठ महिन्यांची बंदी झाली. एकोणीस वर्षांच्या मुलाला तेवढ्यासाठी जन्माचं घरी बसवायचं? शिवाय शिक्षा जेवढी मोठी, तेवढी प्रक्रिया चोख लागते. मिलवॉकीच्या रायन ब्रॉनचा २०११ चा नमुना दोषी निघाला होता. पण नमुना शनिवारी घेतला आणि घेणाऱ्याने तो सोमवारपर्यंत आपल्या घरी ठेवला, कारण कुरियर तोवर पुढे जाणार नाही असा त्याचा समज होता. बाटलीचं सील शाबूत होतं, तरी लवादाने बंदी रद्द केली. ब्रॉनने ताठ मानेने आपण निर्दोष असल्याचं सांगितलं, आणि २०१३ मध्ये बायोजेनेसिस प्रकरणात ६५ सामन्यांची बंदी मुकाट्याने स्वीकारली.

आणि आता जिथे खरं काम करायला हवं तिथे येतो, डॉमिनिकन प्रजासत्ताकात. मेजर लीगमधला, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावरचा, साधारण दहातला एक खेळाडू या छोट्याशा देशातून येतो, आणि तिसाच्या तीस क्लबांच्या अकादम्या तिथे आहेत. मुलगा सोळा वर्षांचा झाला की करार करता येतो. त्याला घडवतो तो स्थानिक दलाल-प्रशिक्षक, तिथल्या भाषेत ‘बुस्कोन’. बारा-तेरा वर्षांच्या पोराला तो हाताशी धरतो, खाऊ घालतो, खेळायला शिकवतो आणि कराराच्या रकमेतला मोठा हिस्सा घेतो. सोळाव्या वर्षी चेंडू थोडा जास्त वेगाने गेला, तर बोनसमध्ये लाखो डॉलरचा फरक पडतो. जनावरांसाठीची स्टिरॉइड या पोरांना टोचली जातात, अशा बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी वीस वर्षांपूर्वीच दिल्या होत्या. वाढीच्या वयात या द्रव्यांमुळे हाडांची वाढ अकाली थांबू शकते. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. हे त्या पोराला सांगणारं घरात कुणी नसतं, आणि घराला तर पैसा हवाच असतो.

न्यूयॉर्क मेट्सचा पिचर हेनरी मेहिया याच देशातला. २०१६ मध्ये तो तिसऱ्यांदा दोषी ठरला आणि या नियमाखाली कायमची बंदी आलेला पहिला खेळाडू झाला. पुढे २०१८ मध्ये त्याला अटींवर परत घेतलं. त्याची चूक त्याची आहेच. पण तपासणी सुरू करायची तर ती तेराव्या वर्षापासून, दलालाला नोंदणी सक्तीची करून, आणि दोषी नमुना आला तर दलालाची नोंदणी रद्द करून. पोराला मात्र डॉक्टर द्यावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा संधी द्यावी.

परदेशी मुलांसाठी ड्राफ्ट आणायचा की नाही, यावर मालक आणि युनियन यांचं जुलै २०२२ मध्ये फिसकटलं आणि दलालांचा बाजार होता तसाच राहिला. खेळाडूंच्या अटी ठरवणारा या दोघांमधला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. पुढच्या कराराच्या मसुद्यात वाचलेल्या पगाराचा आणि या पोरांच्या तपासणीचा, अशी दोन कलमं हवीत. युनियनने ती मागावीत, कारण इंजेक्शन न घेता खेळणारे खेळाडूही तिचेच सभासद आहेत.