पाठीवर बिऱ्हाड नको, माऊली

राम कृष्ण हरी मंडळी. पुढे या, पुढे जागा आहे, मागे पंख्याचा आवाज येतो. यंदा पहिल्यांदा वारीला निघालेले बरेच जण आहेत म्हणे, आणि निम्म्यांचा फोनवर एकच प्रश्न होता, की ताई सॅक कोणती घेऊ. चपला-बूट, पायाचे फोड, औषधं यावर डॉक्टर बोलणार आहेत, मी फक्त पाठीवर बोलते.

आधी माझीच फजिती सांगते. पहिल्या वारीला मी मुलाची ट्रेकिंगची सॅक घेऊन गेले, ५० लिटरची, हिमालयात नेलेली, पाठीला फ्रेमबिम, कमरेला जाड पट्टा, रिकामीच जवळजवळ २ किलोची. आता एवढी मोठी आहे तर जागा कशाला फुकट घालवा म्हणून मी भरत गेले, आणि भरून झाल्यावर वजन केलं तर ९ किलो. आळंदी ते पुणे हौसेत पार पडलं. पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो आणि माझं घरच पुण्यात, म्हणजे जास्तीचं सामान काढून ठेवायला देवाने दिलेली संधी, तर मी घरी जाऊन काय केलं असेल? आणखी एक स्वेटर भरला. हसू नका, तुम्हीपण हेच करणार आहात.

मग चालण्याचा दुसरा दिवस, पुणे ते सासवड, ३० किलोमीटरच्या वर चाल, माऊलींच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात दमवणारा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि त्या दिवशी एकादशी म्हणजे पोटात राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाणे. घाटात मी वाकून चालले होते तर शेजारून एक आजोबा टाळ वाजवत गेले, मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "माऊली, बिऱ्हाड हलवलंय का?"

त्यांच्या खांद्यावर पडशी होती. तुमच्यातल्या किती जणांनी पडशी बघितलीय? लांबट कापडाची पिशवी, दोन्ही टोकांना खिसा, मधला भाग खांद्यावर, एक खिसा पोटाकडे आणि एक पाठीकडे. वजन पुढेमागे सारखं वाटलं जातं आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात मोकळे. टाळ वाजवायचा तर दोन्ही हात लागतात ना. सासवडला मी वैतागून ती सॅक ट्रकमध्ये टाकली आणि एका खांद्याला लावायची शबनम पिशवी घेतली, तर ती चालताना घसरून सारखी कोपरावर यायची आणि टाळ चुकायचा. तेव्हा कळलं की वारीत पिशवी कशी हवी हे टाळ ठरवतो, दुकानदार नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण दिंडीत चालतो, आणि दिंडीला ट्रक असतो. वळकटी, सतरंजी, जास्तीचे कपडे, ताट-वाटी, सगळं ट्रकमध्ये जातं. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, अठरा-वीस दिवस, पण तुमच्या पाठीवर अठरा दिवसांचं सामान कधीच नसतं, पाठीवर असतो फक्त आजचा दिवस. सकाळी ट्रक निघाल्यापासून संध्याकाळी तळावर आपला तंबू सापडेपर्यंत जे लागेल तेवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की लिटरचा हिशोब सोपा आहे, १५ ते २० लिटर. १० लिटरची पण चालते पण पावसाळा आहे, ओला रेनकोट आणि कोरडे कपडे दोन्ही कोंबायला जरा दाटी होते. २५ च्या पुढे मात्र जाऊ नका, कारण रिकामी जागा बाईमाणसाला बघवत नाही, आणि पुरुषांना तर त्याहून नाही, माझ्या घरी बघते ना मी.

ट्रेकिंगवाले म्हणतात की एका दिवसाच्या सॅकचं वजन आपल्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ किलो. सगळं पाठीवर नेणाऱ्यांना ते २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, पण आपल्याला ट्रक आहे, आपण त्या ६ किलोच्या निम्म्यात बसलं पाहिजे. माझं सांगते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघितलीय. सॅक ४०० ग्रॅम, पाण्याची लिटरची बाटली भरलेली १०५०, पोंचो म्हणजे डोक्यावरून घ्यायचा सैल रेनकोट ३००, कपड्यांचा एक कोरडा जोड ४५०, पंचा १००, औषधं १५०, चिक्की-लाडू २००, पॉवर बँक वायरसकट २५०. झाले २ किलो ९००. यात सगळ्यात जड काय? पाणी. वाटेत टँकर असतात, गावोगाव लोक पाणी घेऊन उभे असतात, त्यामुळे दोन लिटरची स्टीलची बाटली कृपा करून नेऊ नका, दरवर्षी कोणीतरी नेतंच आणि लोणंद येईपर्यंत ती ट्रकमध्ये गेलेली असते.

कोरडा जोड पाठीवर का, ट्रकमध्ये का नाही, असं कोणीतरी विचारणार. तर ट्रक काही तुमच्यासाठी थांबलेला नसतो हो. गर्दीत अडकतो, तळावर चिखल असला तर लांब लावतात, आणि तुमची बॅग शंभर बॅगांच्या खाली असते. भिजून आलात आणि दोन तास ट्रकची वाट बघत बसलात की दुसऱ्या दिवशी ताप. रोजच्या गोळ्यासुद्धा पाठीवरच, बीपी-शुगरवाल्यांनी तर नक्कीच.

आता सॅक हातात घेऊन काय बघायचं. रिकामीचं वजन बघा, अर्ध्या किलोच्या आत हवं. ऑफिसची लॅपटॉपची बॅग असते ना, ती रिकामीच किलोच्या आसपास भरते, कारण आत फोमचे कप्पे, तिचा वारीत काही उपयोग नाही. दुसरं टोक म्हणजे कार्यक्रमात फुकट मिळते ती नाडीची पिशवी, ती हलकी असते खरी पण दोन किलो घातले की नाडी खांद्यात रुतते, संध्याकाळी लाल वळ. पट्टे रुंद आणि थोडी गादी असलेले हवेत, चार बोटं तरी रुंदी. कमरेचा जाड पट्टा तीन किलोला लागत नाही, तो उगाच वजन वाढवतो. छातीवरचा छोटा पट्टा मात्र हवा, तो कशाला ते पावली खेळताना, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर नाचताना कळेल, नाहीतर सॅक पाठीवर वेगळाच ठेका धरते. फुगडी घालायची असेल तर मात्र सॅक काढून कोणाकडे तरी द्या, मागे एकदा माझी सॅक एका काकांच्या तोंडावर बसली होती, ते बिचारे माऊली माऊली म्हणत राहिले.

सॅक चपटी हवी, फुगीर नको. दिंडीत आपण ओळीने, खांद्याला खांदा लावून चालतो, बाजूच्या खिशातनं बाहेर आलेली बाटली शेजारच्याला लागते. बायकांना आणखी एक सांगते, आळीपाळीने डोक्यावर तुळशीवृंदावन घ्यायचं असतं, तेव्हा पाठीवर जड आणि लोंबती सॅक असेल तर ती मागे खेचते आणि मान अवघडते. म्हणून पट्टे आवळून सॅक वर, पाठीला चिकटून ठेवायची, बूड कमरेच्या खाली जाता कामा नये. कॉलेजातली मुलं गुडघ्यापर्यंत लोंबकळत नेतात ती फॅशन घरी ठेवा. जड वस्तू पाठीकडच्या बाजूला, हलकं बाहेरच्या बाजूला. आणि पैसे, फोन पाठीवर नाहीच ठेवायचे, गर्दीत मागची चेन कोणी उघडली ते देवालासुद्धा कळत नाही, त्यासाठी गळ्यात नाहीतर कमरेला छोटं पाकीट ठेवा.

पाऊस. वॉटरप्रूफ लिहिलेल्या सॅकवर विश्वास ठेवू नका, कापड टिकतं पण शिलाईतनं आणि चेनमधनं पाणी आत येतंच. रेनकव्हर बरं असतं पण ते बाहेरची बाजू झाकतं, तुमच्या मानेवरून पाठीवर ओघळणारं पाणी कव्हरच्या आतूनच सॅकमध्ये जातं. म्हणून सामान आधी आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड पिळून दुमडायचं आणि मग सॅक बंद करायची. आणि सगळ्यात भारी उपाय वाटेवरच मिळतो, तो प्लास्टिकचा रंगीत कागद, त्याची खोळ करून डोक्यावरून घेतली की माणूस आणि सॅक दोन्ही आत. जुने वारकरी तेच करतात. हजारोंचा रेनकोट घालून आत घामाने भिजण्यापेक्षा हे खूप बरं, निदान मला तरी.

ब्रँडचं विचारलंत तर डेकॅथलॉनच्या साध्या छोट्या सॅका आमच्या दिंडीत बऱ्याच दिसतात, पण घरात मुलांची जुनी साधी सॅक असेल आणि चेन धड असेल तर नवीन घेऊच नका. नवीन घ्यायचीच असेल तर सामान सोबत घेऊन दुकानात जा, भरा, पाठीवर घ्या, पंधरा मिनिटं तिथेच फिरा. दुकानदार बघतो विचित्र नजरेने, बघू दे. आणि निघायच्या आधी एखाद्या रविवारी भरलेली सॅक घेऊन दहा-बारा किलोमीटर चाला, शक्यतो पावसात. काय टोचतंय ते त्या दिवशीच कळतं, दिवे घाटात कळून उपयोग नाही.

मघाशी एकांनी नर्मदा परिक्रमेचं विचारलं. ते गणित सगळंच वेगळं आहे हो. तिथे ट्रक नाही, अंथरूण-पांघरूण पाठीवर, महिनोन्महिने चालायचं, अमरकंटकच्या बाजूला थंडीत गारठा. तिथे ३५-४० लिटर लागते आणि तिथे तो कमरेचा पट्टा खरंच कामाला येतो, वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. म्हणजे माझ्या मुलाची ती सॅक वाईट नव्हती, चुकीच्या वाटेवर आली होती.

ट्रकमधल्या बॅगेचं एका वाक्यात, मऊ बॅग घ्या, ट्रॉलीची चाकं चिखलात काही कामाची नाहीत, आणि बॅगेवर नाव, दिंडीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. पाठीवरच्या सॅकच्या आतसुद्धा एक चिठ्ठी ठेवा, चुकामूक झाली तर दिंडीचा नंबर सांगितला की लोक पोचवतात.

आणि हो, परतीचं कोणी बोलत नाही. पंढरपुरात चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीच्या माळा घेणार ना शेजारीपाजारी वाटायला? चुरमुऱ्यांना वजन नसतं पण जागा लागते, म्हणून त्या दिवशी सकाळीच कपडे ट्रकमधल्या बॅगेत टाका आणि सॅक रिकामी घेऊन बाजारात जा. बुक्का मात्र वेगळ्या डबीत, माझी निळी सॅक अजून आतून काळी आहे.