38 अंशांवरची भेग

मित्रहो, या सभागृहातल्या बहुतेकांनी कधी ना कधी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या भाजणाऱ्या उन्हात, स्लॅब टाकलाय, तेव्हा ऊन म्हणजे काय हे मी सांगायला नको. पण माझी गोष्ट नवतप्याची नाही, मार्चची आहे.

वर्धा रोडच्या पलीकडे साइट होती. दुपारी पारा 38 वर. नागपूरकर 38 ला ऊन म्हणतात का? हसताय, म्हणजे पटलं. पण त्या दिवशी पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला होता. मिस्त्री थापी फिरवत पुढे सरकायचा आणि त्याच्या मागे केसासारख्या भेगा उमटायच्या. गोणपाट भिजवून आणायला पोरं पळाली, तोवर उशीर झाला. "साहेब, वारा पाणी पिऊन राहिला," मिस्त्री म्हणाला.

मग भेगांची जबाबदारी कुणाची, यावर काम देणाऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला. समोरच्यांचं उत्तर आलं: आयएस 7861 या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटसाठी उष्ण हवामान 40 अंशांच्या वर धरतात, तुमच्याकडे 38 होतं, सबब हवामानाचं कारण चालणार नाही. दुरुस्ती आमच्या खर्चानं झाली. 1975 च्या त्या व्याख्येत तापमान होतं, वारा नव्हता. ताज्या काँक्रीटवरचं पाणी किती वेगानं उडेल हे हवेच्या आणि काँक्रीटच्या तापमानाबरोबर आर्द्रतेवर आणि वाऱ्यावरही ठरतं. खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडणारं पाणी जास्त झालं की वरचा थर आकसतो आणि फाटतो. मिस्त्रीनं हेच एका वाक्यात सांगितलं होतं.

मला त्या पत्राचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग पुढच्या वर्षांचा आहे. हा किस्सा मी धरमपेठेत चहा पिताना कितीदा तरी सांगितला. दर वेळी तेच ऐकलं: कोड, म्हणजे ही मानकं, दिल्लीत लिहितात, त्यांना विदर्भाचं ऊन काय ठाऊक! अहो, पण आपण कळवलं कधी? मीही कळवलं नव्हतं. आणि हे बोलणारं गाव कोणतं? 1943 साली देशभरचे चीफ इंजिनिअर याच नागपुरात जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा रस्ते आराखडा आखला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग ही वर्गवारी आपण आजही बोलतो, ती त्याच 'नागपूर प्लॅन'मधली. खडी-मातीत हात घातलेली माणसं होती ती.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो. भारतीय मानक ब्यूरोच्या समित्या मानकांचे मसुदे सर्वांसाठी खुले करतात. मुदतीत कोणीही अभिप्राय पाठवू शकतो, त्यासाठी समितीत असावं लागत नाही. सिमेंट-काँक्रीटची समिती म्हणजे सीईडी 2. नुसतं "कोड चुकीचा आहे" लिहू नका. क्लॉज क्रमांक, आत्ताचा मजकूर, त्याऐवजी तुमचा शब्दशः मजकूर आणि कारण, एवढं द्या. कारणाला साइटवरच्या नोंदी जोडा. काँक्रीट बांधकामाच्या आयएस 456 या मानकाच्या 2000 च्या आवृत्तीत कोरड्या उष्ण हवेसाठी किमान 10 दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, सांगितलंय. आपल्या हवेत ते पुरतं का, हे सांगणारे कोअरचे, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेल्या नमुन्यांच्या चाचणीचे, निकाल तुमच्या कपाटात पडून असतील. ते बाहेर काढा.

तरुणांनो, या उन्हाळ्यात थर्मामीटरसोबत आर्द्रता आणि वारा मोजायची साधनं साइटवर ठेवा. तारीख, वेळ, आकडे, आणि भेग आली की नाही, एवढं वहीत लिहा. ज्यांच्या वहीत हे आधीच आहे, त्यांनी आत्ता चहाला मला गाठा. सीईडी 2 ला पाठवायचं पत्र तिथंच लिहायला घेऊ.