लूप, घुमट आणि कोरडा गळा

मंडळी, टॉम यॉर्कचा 'द इरेझर' जुलै 2006 मध्ये आला. रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या या गायकाचा तो पहिला स्वतंत्र अल्बम. नऊ गाणी, 41 मिनिटे. निर्माता बँडचा नेहमीचाच, नायजेल गॉडरिच. खपात ब्रिटनमध्ये तिसरा, अमेरिकेत दुसरा क्रमांक. मर्क्युरी (ब्रिटनचा संगीत पुरस्कार) आणि ग्रॅमी, दोन्हीकडे नामांकन मिळाले आणि दोन्ही हुकले. समीक्षा बहुतांशी चांगली झाली, तरी काहींची कुरकुर राहिलीच: अल्बम थंड आहे, यंत्राचा आहे, बँडची ऊब नाही.

शीर्षकगीत ऐका. पियानोचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बँडमधल्याच जॉनी ग्रीनवुडचे. यॉर्कने ते कापून त्यांचा क्रम बदलला. त्यामुळे कॉर्डची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मध्येच तुटते, पुढचा ठेचकाळत येतो. वरचा गळा मात्र कोरडा, अगदी पुढे, घुमारा जवळजवळ नाहीच. थंडी असलीच तर तालात आहे, गळ्यात नाही. टीकाकारांनी दोन्ही एकाच मापाने मोजले, असे माझे मत.

ही कापाकापी आपल्याकडे करून पाहायची तर गोव्याची घुमट आरती घ्या; घुमट म्हणजे एका तोंडाला कातडे लावलेले मातीचे तालवाद्य. चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट, शामेळ (काठीने वाजवायचे तालवाद्य), कांसाळे (झांजा) रंगात आले की लय चढतच जाते, आणि लूपला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवलेल्या तुकड्याला, नेमके तेच मानवत नाही. मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत आठ मात्रा म्हणजे बरोबर 5 सेकंद, 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 नोंदी) 2,20,500 सॅम्पल. प्रत्यक्ष मुद्रणातल्या आठ मात्रा याहून आखूड निघतात, कारण वादक पुढे सरकलेला असतो. सॉफ्टवेअरने ताणून बसवल्या तर थापेची धार बोथट होते. म्हणून ताणू नका. थापेथापेवर कापा आणि तुकडे ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर, मांडा. काप ध्वनिलहर शून्यरेषा ओलांडते तिथेच घ्यावा, नाहीतर फेरीगणिक 'टक्' ऐकू येते. तुकड्याच्या शेवटी 5 मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू उतरवणे) चालेल. सुरुवातीला एका मिलिसेकंदापेक्षा जास्त नको, थाप मरते. कांसाळ्यांची आस कापापलीकडे रेंगाळते, तेव्हा ती वेगळ्या वेळी, वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

आणि पाऊस! घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचे असते. जुलैच्या दमट हवेत ते सैल पडते, स्वर उतरतो. सकाळचा तुकडा आणि संध्याकाळचा तुकडा शेजारी ठेवले की फरक कोणालाही कळतो. सगळे ठोके एकाच बैठकीत घ्या, मधून मधून कातडे शेकून स्वर पडताळा. डाव्या तळव्याने मागचे तोंड किती झाकले त्यावरही स्वर बदलतो, म्हणून उघडी आणि झाकलेली थाप वेगवेगळी नोंदवा. कौलांवर सर पडत असेल तर मुद्रण थांबवलेले बरे. तो आवाज नंतर काढता येत नाही.

2009 मध्ये यॉर्कने हीच गाणी मंचावर नेली: बासवर फ्ली, ड्रमवर जोई वॉरोंकर, तालवाद्यांवर ब्राझीलचा माउरो रेफोस्को, सोबत गॉडरिच. पुढे या संचाचे नाव 'अॅटम्स फॉर पीस' पडले. यंत्रात कापलेले ठोके इथे माणसांनी हाताने बसवले आणि थंडपणाची तक्रार बरीच निवळली. आपला लूप मंचावर न्यायचा असेल तर तो घुमटवाल्याला आधी नुसता ऐकवा. जिथे त्याचा हात अडेल तिथे तुमचा काप आहे. तालमीला तेवढीच मात्रा आधी घ्या, गळा नंतर.