वेताच्या काडीतून चढणारा वास

(पुणे, जानेवारीतली सकाळ. खिडकीत काचेची बाटली, आत पांढरं थिजलेलं तेल.)

ही बाटली नीट बघा. हा घरी केलेला रीड डिफ्यूझर, म्हणजे काड्यांतून तेल वर चढवून खोलीत वास पसरवणारी बाटली. आत खोबरेल, त्यात गवती चहाचं तेल, वर आठ काड्या. सगळं यथासांग. तरी खोलीत वासाचा पत्ता नाही. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, आणि जानेवारीतली पुण्याची सकाळ त्याच्या कितीतरी खाली असते. थिजलेलं तेल काडीत चढणार कसं?

(काडीचं टोक, भिंगातून.)

काडी वेताची. खुर्ची विणायला वेताची साल लागते, रीड डिफ्यूझरला आतला गाभा. टोकाला ही बारीक भोकं दिसतायत ना, ती थेट दुसऱ्या टोकापर्यंत जातात. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं, तसं यातून तेल चढतं. बांबूची काडी दिसायला तशीच, मिळायलाही सोपी; पण पेरापाशी तेलाची वाट अडते.

म्हणून तेल पातळ हवं. थंडीत न थिजणारं फ्रॅक्शनेटेड खोबरेल घ्या, किंवा गोड्या बदामाचं. एरंडेल नकोच, ते मधासारखं जागचं हलत नाही. साधारण 70 मिली तेलाला 30 मिली सुगंधी तेल. म्हणजे 10 मिलीच्या तीन बाटल्या एका डिफ्यूझरला! घरी केलं की स्वस्त पडतं, असं मी तरी म्हणणार नाही.

(कनौज. तांब्याची डेग, खाली जाळ.)

वास तेलात धरून ठेवायची युक्ती मात्र जुनी. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये डेगेत गुलाब उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती जमते त्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. गुलाब त्यात मुरतो. चंदन महागलं तसं त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन हे खनिज तेलही आलं.

(पुन्हा खिडकी. हात काड्या उलटतोय.)

एक गोष्ट दुकानातला सांगत नाही. बाटलीतून उडतो तो वास. वाहक तेल, म्हणजे ज्यात वास मिसळला ते खोबरेल किंवा बदामाचं, जवळपास तसंच मागे राहतं. लिंबू, संत्रं आधी जातात, खस रेंगाळतो. काड्या आठवड्याला उलटायच्या, धूळ-तेलाने बुजल्या की बदलायच्या. घरात मांजर असेल, तर टी ट्रीचं तेल आणूच नका, ते तिला विषारी.

(दुपार. बाटलीवर ऊन.)

आणि आपली खोबरेलाची बाटली? ऊन आलं, तेल वितळलं. तासाभराने गवती चहाचा मंद वास आला. रात्री ती पुन्हा पांढरी.